वर्गातील दुभाषी : कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातील दुवा

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या एकत्रित शिबिरात केलेले भाषण)



पायातील व्यंग चारचौघांच्या चटकन ध्यानात येते. बहिरेपण मात्र दिसत नाही. कर्णबधिर मूल वर्गात शांत बसते, फळ्यावरचे अक्षर वळणदार उतरवून घेते, इतर मुले हसली की हसते आणि ‘समजले का?’ असे विचारले की मान डोलावते. वही पाहणाऱ्यास सर्व यथास्थित चालले आहे असे वाटते. वस्तुतः त्या वहीत असते ती केवळ नक्कल. धडा त्या मुलापर्यंत पोचलेलाच नसतो. शाळांतून सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून काम करताना अशा वह्या मी पुष्कळ पाहिल्या. त्या मुलाचा शिकण्याचा हक्क प्रत्यक्षात कसा उतरवायचा, याविषयी चार शब्द आपणापुढे मांडावेत, एवढाच माझा हेतू आहे.

खुणा नव्हेत, भाषा

आपण सहजपणे ‘मूकबधिर’ म्हणतो. परंतु या मुलांपैकी बहुतेकांची वाचेंद्रिये शाबूत असतात. ऐकू येत नाही म्हणून बोलणे कानी पडत नाही आणि म्हणून ते आपोआप उमटत नाही. त्यांच्या हातांच्या खुणा म्हणजे मूकाभिनय, असाही एक समज आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने उच्चार घोटवून व ओठ वाचावयास लावून शिकविण्याची पद्धत श्रेष्ठ ठरविली आणि पुढे अनेक देशांतील वर्गांतून खुणांची हकालपट्टी झाली. खुणांची भाषा ही स्वतःची रचना असलेली खरी भाषा होय, हे अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी १९६० साली दाखवून दिले. आपल्या देशात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डॉ. मदन वशिष्ठ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळुरू येथील कर्णबधिरांच्या खुणांचा पद्धतशीर अभ्यास केला. मिलानच्या ठरावांबद्दल व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, म्हणजे तब्बल १३० वर्षांनी.

या भाषेचे व्याकरण कसे असते, याचे एक साधे उदाहरण देते. ‘रमेशने सुरेशला पुस्तक दिले.’ मराठीत कोणी दिले व कोणास दिले, हे ‘ने’ आणि ‘ला’ या प्रत्ययांवरून कळते. सांकेतिक भाषेत रमेशसाठी एका बाजूची व सुरेशसाठी दुसऱ्या बाजूची जागा नेमली जाते आणि देण्याची खूण पहिल्या जागेकडून दुसरीकडे नेली जाते. प्रत्ययाचे काम हाताची दिशा करते. नकार व प्रश्नवाचक शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. भुवया आणि चेहरा यांनाही व्याकरणात स्थान असते. या भाषेत विचार करणारे मूल मराठी लिहिताना ‘ने’च्या जागी ‘ला’ लिहिते किंवा प्रत्यय गाळते. ही चूक मंदबुद्धीची नव्हे. ती दुसरी भाषा शिकणाऱ्याची चूक आहे. एवढे जरी परीक्षकांनी ध्यानी घेतले, तरी कित्येक मुलांवर बसणारा ‘ढ’ हा शिक्का टळेल.

दुभाषी काय करतो?

दुभाषी शिक्षकाचे बोलणे खुणांत आणि मुलाच्या खुणा बोलण्यात आणतो. तो मुलाचा पालक नव्हे, की शिकवणीचा मास्तर नव्हे. तो उत्तर सुचवीत नाही, मुलाची चूक झाकीत नाही, शिक्षक रागावले तर तो रागही गाळीत नाही. ऐकणे, अर्थ धरणे आणि खुणेत मांडणे यास काही क्षण लागतातच. त्या क्षणांचे महत्त्व मला एका मुलीने शिकविले.

ती सातवीत होती. गुरुजी प्रश्न विचारीत. मी तो तिच्यापर्यंत नेईपर्यंत वर्गातील हात वर गेलेले असत आणि पहिल्या बाकावरून उत्तरही आलेले असे. काही महिन्यांत तिने हात वर करणेच सोडून दिले. ती लाजाळू आहे, असा सर्वांचा समज झाला. खरे सांगायचे तर माझाही झाला. पुढे कारण उमगले, तेव्हा मी गुरुजींना विनंती केली, की प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजावेत आणि मगच एखाद्याचे नाव घ्यावे. त्यांनी ती मोठ्या मनाने मान्य केली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिचा हात वर गेला. तिने दिलेले उत्तर चुकीचे होते. ते थोडे सावरून सांगावे, असा मोह मला झाला. पण मी ते जसेच्या तसे सांगितले. गुरुजींनी चूक दाखविली, पुन्हा समजावले आणि तिने पुन्हा उत्तर दिले. इतर मुलांप्रमाणे चुकण्याची व सुधारण्याची संधी तिला त्या वर्गात प्रथमच मिळाली. मी तिचे उत्तर सावरले असते, तर ती संधी मीच हिरावून घेतली असती.

शिक्षकांकडून अपेक्षा

दुभाषी नेमला म्हणजे काम संपले, असे नव्हे. कर्णबधिर मुलास फळा आणि दुभाषी यांकडे एकाच वेळी पाहता येत नाही. यास्तव लिहून झाल्यावर थांबावे, मुलांना वाचू द्यावे आणि मग वर्गाकडे तोंड करून बोलावे. दुभाष्याची जागा शिक्षकाजवळ, उजेडात असावी. पाठीमागे उघडी खिडकी असल्यास चेहरा व हात काळवंडतात. ‘त्याला विचारा’ असे दुभाष्यास न सांगता मुलाकडे पाहून त्यालाच विचारावे. धडा आदल्या दिवशी दुभाष्यास द्यावा. ‘प्रकाशसंश्लेषण’ यांसारख्या शब्दास रुळलेली खूण नसल्यास ती आयत्या वेळी योजावी लागते. आपल्याकडे प्रचलित असलेली दोन हातांची वर्णखूण इंग्रजी अक्षरांची आहे. म्हणून मराठी माध्यमात तो शब्द फळ्यावर लिहिणे अगत्याचे ठरते. हे काम अतिशय थकविणारे असल्यामुळे दीर्घ तासिकांसाठी दोघांनी आळीपाळीने ते करणे श्रेयस्कर.

शाळेच्या आधीची वर्षे

तथापि दुभाष्याच्या हाती सारे नाही. ज्या मुलाकडे कोणतीच भाषा नाही, त्याच्यापुढे दुभाषी उभा करून काय साधणार? बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात आणि घरात खुणांची भाषा कोणासच येत नसते. भाषेसाठी सर्वांत मोलाची पहिली काही वर्षे अशी वाया जातात. श्रवणयंत्र, वाचोपचार आणि सांकेतिक भाषा या गोष्टी परस्परांच्या आड येत नाहीत, हे पालकांना कोणीतरी सांगावयास हवे.

येथे पंचायत सदस्यांचे कार्य सुरू होते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी करतात. तीत श्रवणदोषाचाही समावेश आहे. आपल्या गावातील संशयित मूल पुढील तपासणीस खरोखर पोचले की नाही, याची चौकशी करावी. स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून पालकांच्या सांकेतिक भाषेच्या शिक्षणासाठी काही तरतूद करता येईल का, याचा विचार व्हावा.

शासनाच्या बाजूने पाया घातला गेला आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली अली यावर जंग संस्था स्थापन झाली. २०१५ साली नवी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. त्याच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, ते २०२१ पर्यंत १०,००० झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणांवर सोपविली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय सांकेतिक भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचा संकल्प आहे. अधिकारीवर्गास माझे इतकेच निवेदन, की दुभाष्याचे पद तात्पुरती सोय न मानता त्यास प्रशिक्षण, निश्चित मानधन व स्थैर्य द्यावे. दर सत्रास दुभाषी बदलला, की मुलाला परस्परांत जुळविलेल्या खुणा आणि विश्वास दोन्ही नव्याने जुळवावे लागतात.

आपण उद्या आपापल्या शाळेत जाल, तेव्हा शांत बसणाऱ्या मुलाची वही पाहून समाधान मानू नका. त्यास धड्याविषयी एक प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थोडे थांबा.