नुसतं ‘छान आहे’ म्हणू नका
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



आपल्या गटाचा पापड बाजारात जायच्या आधी आपण चार घरी चवीला देतो. एक जण म्हणते, ‘छान झालाय.’ दुसरी म्हणते, ‘खार जास्त झालाय, तळला की लाल पडतो.’ सांगा बरं, पुढचा घाणा कुणामुळे सुधारतो? दुसरीमुळेच ना!

मुलांना शिकवणारं एआय पण असंच सुधारतं. एआय म्हणजे मोबाईलवर प्रश्न विचारला की माणसासारखं उत्तर देणारा प्रोग्राम. अमेरिकेत खान अकॅडमी ही मोफत धडे देणारी संस्था आहे. तिनं मार्च २०२३ मध्ये ‘खानमिगो’ हा एआय शिक्षक आणला. सगळ्यांना एकदम दिला नाही, आधी थोड्या लोकांना वापरायला दिला. वापरात दिसलं की भाषेत हुशार असलेला हा गुरुजी साध्या आकडेमोडीत चुकतोय. कारण तो हिशेब करत नव्हता, पुढं काय येईल याचा अंदाज बांधत होता. मग संस्थेनं त्याला कॅलक्युलेटर जोडला. तरीही तो चुकू शकतो, असं संस्था स्वतःच सांगते.

आपल्यासाठी हे महत्त्वाचं का? शिकवणी परवडत नाही, घरात शिकवायला कुणी नाही, तिथं मोबाईल सांगेल तेच पोर खरं मानतं. चुकीचं उत्तर पाठ झालं तर मार्क पोराचे जातात, मोबाईलचे नाही. आणि ‘आम्हाला काय कळतंय’ म्हणून आपण गप्प बसलो, तर आपल्या पोरांची बोली, त्यांची अडचण बनवणाऱ्यांना कळणार कशी?

म्हणून शाळेतून किंवा गटातून असं ॲप वापरायला मिळालं, तर एक वही ठेवा. तीन गोष्टी लिहा: पोरानं काय विचारलं, ॲपनं काय उत्तर दिलं, आणि पोर कुठं अडलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलीकडून लिहून घ्यावं. शंका आली तर उत्तर बाईंना किंवा गुरुजींना दाखवा. बऱ्याच ॲपमध्ये उत्तराखाली उलट्या अंगठ्याची खूण असते, चूक दिसली की ती दाबा. मात्र पोराचं पूर्ण नाव, आधार नंबर, फोटो तिथं देऊ नका.

गटाच्या हिशेबात दहा रुपयांचा फरक आला तरी आपण सभेत विचारतो. पोराच्या शिक्षणाबाबत तर आणखी मोठ्यानं विचारायला पाहिजे. कुणी ‘कसं वाटलं?’ म्हणालं, की कुठं अडलं ते आधी सांगा.