खोलींतला बोरघाट

मुलांच्या खेळण्यांतली आगगाडी वाटोळ्या रुळांवर फिरत राहते. ती कोठून आली आणि कशासाठीं चालली आहे, हें तिला कोणी विचारीत नाहीं. प्रौढ माणूस या छंदाला लागला म्हणजे मात्र हाच प्रश्न सर्वांत आधीं उभा राहतो. एखादा खरा लोहमार्ग डोळ्यांपुढें ठेवून त्याची प्रतिकृति घरांत उभारावयाची, तर रूळ विकत आणण्यापूर्वीं कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी हातीं घ्यावी लागते. छंदाचा अर्धा आनंद या आखणींतच असतो, आणि पुढील यशापयशाचा निकालही बहुधा तेथेंच लागतो.

उदाहरणादाखल मुंबई-पुणें मार्गावरील बोरघाट घ्यावा. या घाटांतील काम १८५६ सालीं सुरू झालें आणि १८६३ सालीं त्यांतून गाड्या धावूं लागल्या. सुमारें १६ मैलांत हा मार्ग १८३१ फूट उंची गांठतो. चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. मूळच्या मार्गावर २५ बोगदे होते.

आतां श्रोत्यांनीं एक साधें गणित करून पाहावें. हौशी लोकांत फार प्रचारांत असलेलें प्रमाण ८७ स एक असें आहे. त्या प्रमाणानें १६ मैलांचा घाट सुमारें ९७० फूट लांब होईल आणि त्याची उंची २१ फूट भरेल. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलींत तो मावणें अशक्य. म्हणजे खऱ्या मार्गाची हुबेहूब नक्कल हें ध्येय पहिल्याच दिवशीं सोडून द्यावें लागतें, आणि काय ठेवावें व काय गाळावें, एवढाच विचार उरतो.

येथेंच पुष्कळांची चूक होते. मुंबईपासून पुण्यापर्यंत सर्व स्टेशनें घालण्याचा मोह त्यांना आवरत नाहीं. मग गाडीचें एंजिन एका स्टेशनांत आणि शेवटचा डबा मागल्या स्टेशनांत, असा हास्यास्पद देखावा तयार होतो. शहाणा योजक उलट दिशेनें विचार करतो. हा मार्ग इतर शेंकडों मार्गांहून वेगळा कशामुळें ओळखला जातो, असें तो स्वतःस विचारतो. बोरघाटापुरतें उत्तर तीन गोष्टींत मिळतें. पहिली गोष्ट कर्जत स्टेशन. चढ चढण्यासाठीं गाडीला जादा एंजिनें, म्हणजे बँकर, तेथें जोडतात, आणि तेवढ्या थांब्यांत उतारू बटाटेवडा घेतात. दुसरी गोष्ट बोगद्यांत शिरणारा व दऱ्यांच्या कडेनें जाणारा चढ. तिसरी गोष्ट आज नाहींशी झाली आहे, ती म्हणजे खंडाळ्याजवळचें उलटफेरीचें स्टेशन.

या तिसऱ्या गोष्टीकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. डोंगराच्या सोंडेवर गाडी वळविण्याइतकी जागा नव्हती, आणि उंची तर गांठावयाची होती. तेव्हां गाडी एका टोकापर्यंत न्यावी, एंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडावें आणि उलट दिशेनें वरचा चढ चढावा, अशी युक्ति जेम्स बर्कले यांच्या हाताखालील अभियंत्यांनीं अमलांत आणली. १९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाल्यावर हें स्टेशन बंद पडलें. परंतु घरांतल्या योजकापुढें अडचण तीच असते: जागा थोडी, उंची मोठी. बारा फुटांच्या भिंतीलगत ३७ स १ या चढानें रूळ टाकले, तर ते पुरते चार इंचही चढत नाहींत. कोपऱ्यांत उलटफेरीचें स्टेशन घालून गाडी त्याच भिंतीनें परत आणली, तर चढ जवळजवळ आठ इंच होतो आणि धांव दुप्पट होते. डोंगरानें जें शिकविलें, तेंच खोलीही शिकविते. मात्र स्टेशनाची जागा सपाट हवी, आणि चार डबे व एंजिन मिळून सुमारें चार फूट तेथें मोकळे असले पाहिजेत.

वळणांत थोडें खोटें बोलावेंच लागतें. खोलींत दोन फूट त्रिज्येचें वळण मोठें समजावें. पण खऱ्या मापानें तें अवघें १७४ फुटांचें ठरतें, आणि इतक्या तीव्र वळणावरून मुख्य मार्गाची गाडी कधींच जात नाहीं. उपाय सोपा आहे. तीव्र वळणें बोगद्यांत दडवावींत आणि सौम्य वळणें डोळ्यांपुढें ठेवावींत. बोगद्यावरील डोंगर मात्र झांकणासारखा उचलतां आला पाहिजे, आणि फळीची रुंदी हात पोहोंचेल इतकीच असावी. कारण गाडी घसरते ती बहुधा हात पोहोंचत नाहीं तेथेंच.

रुळांच्या अंतराचाही निर्णय आरंभींच व्हावा. आपल्याकडील रुंदमापी मार्गाचें अंतर १६७६ मिलिमीटर. ८७ स एक या प्रमाणांत तें १९ मिलिमीटरांहून थोडें अधिक होतें. बाजारांतील तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे असतात. ते पाश्चात्त्य देशांतील १४३५ मिलिमीटरांच्या मार्गासाठीं केलेले. जाणत्याच्या नजरेला त्यावरचें एंजिन अरुंद पायांवर उभें वाटतें. ज्याला तें खुपतें, त्यानें रूळ हातानें बसवावे; ज्याला गाड्या लवकर चालविण्याची हौस आहे, त्यानें तयार रूळ घ्यावे. दोन्ही मार्ग सन्मान्य आहेत. अर्ध्या कामांत मत बदलणें तेवढें टाळावें.

त्यानंतर काळ ठरवावा. उलटफेरीचें स्टेशन हवें असेल तर वाफेचीं एंजिनें आणि १९२९ पूर्वींचा काळ घ्यावा लागेल. लोकांनीं ‘खेकडा’ म्हणून ओळखलेलें विजेचें एंजिन हवें असेल, किंवा १ जून १९३० रोजीं सुरू झालेली डेक्कन क्वीन हवी असेल, तर तें स्टेशन सोडावें लागेल. दोन काळ एकाच फळीवर नांदविले तर प्रतिकृति दुकानाच्या मांडणीसारखी दिसूं लागते.

शेवटीं मार्गाला येण्याजाण्याचीं ठिकाणें हवींत. मुंबई आणि पुणें दाखविण्याची गरज नाहीं. फळीखालीं रुळांच्या चार-पांच फांट्या लपविल्या कीं गाडी मुंबईहून आली आणि पुण्यास गेली असें मानतां येतें. मग वेळापत्रक लिहावें. मालगाडी कर्जतला थांबते, मागें बँकर लागतो, वरून येणाऱ्या गाडीसाठीं ती वाट पाहते, आणि मग हळूहळू चढूं लागते. लहान एंजिनालाही हा चढ जड जातो, त्यामुळें बँकराचें काम येथें नाटकी राहत नाहीं. एवढें साधलें म्हणजे प्रतिकृतींत खऱ्या मार्गाचा जीव आला.

या सर्व खटाटोपाला करमणुकीपलीकडे अर्थ आहे. १८५९ सालीं ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल मरण पावले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनीं ठेका पुढें चालविला. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर या घाटांत राबत होते; पटकीनें आणि अपघातांनीं त्यांतले असंख्य दगावले. स्वतः बर्कले १८६२ सालीं, घाट खुला होण्यापूर्वींच, निवर्तले. घाटरस्त्यावरचा १८३० सालचा पूल, ज्याला लोक अमृतांजन पूल म्हणत, तो २०२० सालीं पाडला गेला. जुन्या खुणा अशा एकेक करून पुसल्या जातात. मार्गाची प्रतिकृति आंखणाऱ्याला प्रत्येक चढाचें आणि प्रत्येक वळणाचें कारण शोधावें लागतें, आणि तें शोधतांना कोणी, किती कष्टांनीं आणि कां केलें, हेंही त्याला कळतें. पुढें त्या चार फूट सपाट जागेंत जेव्हां तो एंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडील, तेव्हां बंद पडलेलें तें स्टेशन निदान एका घरांत तरी चालू राहील.