इन्सुलिनचा पंप व जंतुसंसर्गाचे भय
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आजचा विषय आम्ही ग्रंथांतून नव्हे, घरातून घेतला आहे. आमच्या नातीस नवव्या वर्षी मधुमेह जडला. डॉक्टरांनी इन्सुलिनचा पंप सुचविला, तेव्हा 'मुलीच्या पोटात रात्रंदिवस नळी राहणार. तेथे पू झाला म्हणजे?' असा हेका धरणाऱ्यांत आम्हीच अग्रभागी होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

ते भय अगदीच निराधार नव्हते. त्वचा हा शरीराचा तट होय, आणि त्यास लहानसे का होईना, छिद्र पडते. परंतु ही नळी पोटात उतरत नाही. त्वचेखालील चरबीच्या थरात सहा-नऊ मिलिमीटर काय ती शिरते. शिवाय सामान्यतः दर दोन-तीन दिवसांनी ती काढून नवी, निर्जंतुक नळी निराळ्या जागी बसवावयाची असते. हात साबणाने धुवावेत. जागा अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून आपोआप वाळू द्यावी, फुंकर घालू नये. जेथे व्रण वा गाठ असेल ती जागा टाळावी.

एका लग्नाच्या धांदलीत आमच्याकडून चौथा दिवस उलटला. जागा लाल होऊन दुखू लागली. आम्ही पंपच काढून ठेवावयास निघालो होतो, सूनबाईंनी आवरले. त्यांनी जुनी नळी काढून दुसऱ्या बाजूस नवी बसविली, रक्तातील साखर तपासली व त्याच दिवशी जागा डॉक्टरांस दाखविली. आठवड्याच्या आत लाली ओसरली.

सूनबाईंचे करणे किती योग्य होते, हे आम्हांस मागाहून कळले. पंपात केवळ शीघ्र परिणाम करणारे इन्सुलिन असते. ते थांबले तर काही तासांतच रक्तात कीटोन साचू लागतात, आणि ते संकट त्या लालीहून कितीतरी मोठे. म्हणून इन्सुलिनचे पेन अथवा सिरिंज घरात सदैव असावी. लाली पसरली, सूज, पू वा ताप आला, तर जागा दाबून न पाहता डॉक्टरांकडे जावे.

शेवटी एक विनंती. मुलीचे लग्न जमणार नाही या धास्तीने काही घरी हा आजार झाकून ठेवतात, व झाकलेल्या घरी शिकविणारे कोणी जात नाही. अशा मातापित्यांनी निःसंकोचपणे आमच्या घरी यावे. नळी कशी बदलावी, हे आमची नात आता स्वतःच्या हातांनी करून दाखविते.