दिवस लांबतोय
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी ‘भूगोलातलं काहीतरी बोल, पण थोडक्यात’ असं बजावलंय. आपण किनाऱ्यावरची मुलं. उधाण आणि भांग हे शब्द आपल्याला पुस्तकाआधी बंदरावर कळले. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, हे सरांनी पुढे वर्गात शिकवलं. तीच भरती पृथ्वीच्या फिरण्याला ब्रेक लावते, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.

चंद्राला एका प्रदक्षिणेला सुमारे 27 दिवस लागतात, पृथ्वी मात्र दिवसात एक गिरकी घेते. त्यामुळे भरतीचा फुगवटा चंद्राच्या बरोबर समोर न राहता पृथ्वीबरोबर थोडा पुढे जातो. चंद्र त्याला मागे ओढतो आणि पृथ्वीची गिरकी मंदावते. उलट फुगवटा चंद्राला पुढे ओढतो, म्हणून चंद्र वर्षाला 3.8 सेंटिमीटर दूर सरकतो. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून हे मोजलंय.

दिवस लांबतो तो शंभर वर्षांत जेमतेम दोन मिलिसेकंदांनी. (आपला गणिताचा तास याहून बराच लांबायचा!) पण हा फरक दिवसामागून दिवस साठत जातो. इ.स.पू. 136 मधलं खग्रास सूर्यग्रहण बॅबिलोनच्या लोकांनी मातीच्या पाटीवर नोंदवलंय. पृथ्वीची आजचीच गती कायम धरून उलट गणित मांडलं, तर ती सावली बॅबिलोनवर पडतच नाही. पार पश्चिमेला, स्पेनच्या बाजूला जाते. चूक तीन तासांहून जास्त! कुणा लेखनिकाने दिसलं ते इमानाने लिहून ठेवलं, म्हणून दोन हजार वर्षांनी हे तपासता आलं. मला लेसरपेक्षा ही पाटी जास्त आवडते.

‘चंद्र स्वतःभोवती फिरत नाही’ असं आपल्यातले काहीजण आजही नातवंडांना सांगतात. तो फिरतो, पण एका प्रदक्षिणेत एकच गिरकी घेतो, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. तिथे समुद्र नाही. पृथ्वीने त्याच्या खडकालाच ताणून त्याची जास्तीची गिरकी केव्हाच थांबवली. पृथ्वीच्या बाबतीत तेच काम अजून अर्धवट आहे.

ते दोन्ही बाजूंनी पुरं झालेलं पाहायचं तर प्लूटोकडे जावं लागेल. प्लूटो आणि त्याचा चंद्र शॅरन, दोघांची गिरकी आणि प्रदक्षिणा सारख्याच 6.4 दिवसांची. तिथल्या एका अर्ध्या भागावरून शॅरन आकाशात कायम एकाच जागी दिसतो. दुसऱ्या अर्ध्यावर तो कधी उगवतच नाही.