प्रवाहाचे गणित आणि २१ रुपये



विषय गणिताचा आणि वक्ता कामगार-संघटनेतला, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे नि वाचनालयात अधिक झाले. परंतु प्रवाहाचे गणित हा कष्टकऱ्यांचाही विषय आहे, असे आमचे म्हणणे आहे.

न्यूटनने सांगितले, की पाण्याचे थर एकमेकांवरून दुप्पट वेगाने सरकवावयाचे तर जोर दुप्पट लागतो. त्या आधारावर नाविये यांनी १८२२ साली व स्टोक्स यांनी १८४५ साली प्रवाहाची समीकरणे उभी केली. आपल्या तापीचे पाणी हा नियम पाळते. भिंतीचा रंग पाळीत नाही. रंगाऱ्याला विचारा: डब्यात घट्ट असलेला रंग कुंचल्याखाली सैल होतो आणि भिंतीवर पुन्हा थबकतो. वितळलेले प्लास्टिकही तसेच. त्याचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. वेग वाढला की ते प्रवाहाच्या दिशेने लागतात आणि जोर हिशेबापेक्षा कमी पुरतो. अशा द्रवांचे गणित निराळे मांडावे लागते. ते चुकले तर कारखान्यातला साचा नीट भरत नाही.

या शास्त्रात नाव मिळविले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी. पदवीने ते रसायन-अभियंते. जन्म १९४३ सालचा, गोव्यातील माशेलचा. वडील लवकर गेले. आई अंजनीताईंनी मुंबईत मिळेल ते काम करून मुलाला वाढविले. माध्यमिक शाळेच्या प्रवेशाला २१ रुपये हवे होते, ते घरात नव्हते. एका मोलकरणीने आपल्या शिलकीतून ते दिले, असे माशेलकरांनीच सांगितले आहे. १९६० साली शालान्त परीक्षेत ते अकरावे आले. टाटांच्या विश्वस्त निधीतून महिना ६० रुपये मिळू लागले, तेव्हा पुढचे शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाच्या रसायन-तंत्र विभागातून १९६६ साली पदवी, १९६९ साली डॉक्टरेट. मग इंग्लंडात सॉलफर्ड येथे संशोधन व अध्यापन. आणि १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आगमन. १९९८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

मंडळी, बुद्धी त्या मुलाची होती, कष्ट आईचे होते. तरी २१ रुपयांपाशी सारे अडले होते. आपल्या जिल्ह्यातले मजूर हंगामात ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुले बरोबर जातात, शाळा मागे राहते. त्यांतले कोण कोणते गणित सोडविणार होते, हे कोणी मोजीत नाही. म्हणून मजुरीचा दर ठरविताना आम्ही पोटाबरोबर पाटीचाही हिशेब मांडतो. त्या मोलकरणीला तो हिशेब कळला होता. आपणही तो करावा, एवढीच विनंती.