विश्वासावर उभा राहणारा व्यवसाय



इमारतींचा धंदा म्हटला की आपल्याला बिल्डर आणि दलाल आठवतात. परंतु या क्षेत्रात आणखी एका माणसाची गरज असते. ज्यांनी पैसा गुंतविला त्यांच्याशी संबंध सांभाळणारा माणूस! हे काम गोड बोलण्याचे नव्हे, हिशेब देण्याचे आहे.

आज कायदाही हेच सांगतो. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे घर घेणाऱ्यांच्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करायची असते. २०१४ साली सेबीने ‘रीट’चे नियम केले. भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींत अनेकांनी मिळून पैसा घालायचा आणि वाटपयोग्य रकमेपैकी किमान ९० टक्के त्यांना वाटायची, अशी ही पद्धत. भारतातील पहिले रीट २०१९ साली शेअर बाजारात आले.

इमारत किती भरली, भाडे किती आले, कर्ज किती उरले, हे गुंतवणूकदारांना समजावून सांगावे लागते. मोठा भाडेकरू सोडून गेला तर तेही सांगावे लागते. लपवून नव्हे, निवडक ओळखीच्यांना आधी कळवून नव्हे, तर सर्वांना एकाच वेळी. ज्याने वाईट बातमी वेळेवर दिली, त्याच्या चांगल्या बातमीवर लोक विश्वास ठेवतात.

विद्यार्थी मित्रांनो, त्यासाठी ताळेबंद वाचायला शिका, मराठी व इंग्रजीत स्वच्छ पत्र लिहायला शिका. पालकहो, मुलांना दिलेला शब्द पाळण्याची सवय घरातच लावा. कोणाची तरी आयुष्यभराची पुंजी उद्या त्यांच्या शब्दावर अवलंबून असेल.