सर्फबोर्डचा गाभा : घरगुती साच्यापासून उद्योगापर्यंत

(तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सर्फबोर्ड म्हणजे समुद्राच्या फुटत्या लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येण्याची फळी. आपल्यापैकी अनेकांनी ती केवळ चित्रपटात पाहिली असेल. हा खेळ हवाई बेटांचा. कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलिया येथे तो वाढला आणि गेल्या दोन दशकांत कर्नाटकातील मुल्की व तमिळनाडूतील कोवळम या किनाऱ्यांवर आपल्याकडेही रुजला. आज मात्र मला खेळाविषयी बोलावयाचे नाही. त्या फळीच्या पोटात जो पांढरा, हलका गाभा असतो, तो ज्या साच्यात ओतला जातो त्या साच्याविषयी बोलावयाचे आहे. चार-दोन तरुणांनी आडबाजूच्या एका शेडमध्ये असा साचा घडवला आणि त्यातून एक संपूर्ण उद्योग उभा राहिला. पुढे एका माणसाने आपले साचे मोडले, तेव्हा तोच उद्योग रातोरात हवालदिल झाला. यंत्रशास्त्र शिकणाऱ्यांनी या दोन्ही घटना समजून घेण्याजोग्या आहेत.

प्रथम गाभा कशासाठी लागतो ते पाहू. सर्फबोर्डचे कवच काचतंतूचे कापड आणि रेझिन यांचे असते आणि त्याची जाडी जेमतेम मिलिमीटरभर असते. एवढे पातळ कवच एकटे माणसाचा भार पेलू शकत नाही. परंतु वरचे आणि खालचे अशी दोन कवचे एकमेकांपासून सहा-सात सेंटिमीटर अंतरावर घट्ट धरून ठेवली, की तीच कवचे आश्चर्यकारक ताकद दाखवतात. इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या लोखंडी तुळईत वरखालच्या पट्ट्यांना मधली उभी पट्टी जसे अंतरावर धरते, तसेच हे आहे. गाभ्याचे काम त्या मधल्या पट्टीचे. तो हलका हवा, पाणी न पिणारा हवा आणि कवचाला चिकटून राहणारा हवा.

पूर्वी हे काम लाकूड करीत असे. जुन्या भरीव फळ्या चाळीस-चाळीस किलो वजनाच्या असत आणि त्या पाण्यापर्यंत वाहून नेणे हाच एक व्यायाम होता. पुढे दक्षिण अमेरिकेतील एक्वाडोरहून येणारे बाल्सा हे अत्यंत हलके लाकूड वापरात आले. ते चांगले होते, पण मिळेल तेव्हा मिळे, प्रत्येक ओंडक्याचे वजन निराळे असे आणि कवचाला चीर पडली की ते स्पंजाप्रमाणे पाणी शोषी. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस बॉब सिमन्स या कॅलिफोर्नियातील कल्पक कारागिराने पॉलिस्टायरिनचा, म्हणजे आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो त्या जातीच्या फेसाचा गाभा वापरून पाहिला. पण त्या काळी हाताशी असलेले पॉलिस्टर रेझिन या फेसाला विरघळवते. म्हणून त्याला गाभ्यावर आधी प्लायवूड आणि बाल्साचे वेष्टण द्यावे लागले. इतक्या खटपटीने बनलेली वस्तू बाजारासाठी शेकड्यांनी तयार होणे शक्य नव्हते.

उत्तर दुसऱ्या फेसात होते. जर्मनीत ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली पॉलियुरेथेनचा शोध लावला होता. त्याच्या कठीण फेसावर पॉलिस्टर रेझिनचा काही परिणाम होत नाही. पन्नासच्या दशकाच्या मध्यास सांता मोनिका येथे डेव्ह स्वीट याने या फेसाचे सर्फबोर्ड बनवण्यास आरंभ केला. त्याच सुमारास होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क हे दोघे या प्रश्नामागे लागले. होबीने आपली पहिली लाकडी फळी लगुना बीच येथे वडिलांच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये बनवली होती. १९५४ साली त्याने डाना पॉइंट येथे दुकान थाटले आणि क्लार्कच्या साह्याने लगुनाच्या दरीतील एका शेडमध्ये फेसाचे प्रयोग आरंभले. १९५८ साली त्यांचे फेसाचे सर्फबोर्ड विक्रीस आले. पुढल्याच वर्षी ‘गिजेट’ हा चित्रपट झळकला, या खेळाची लाट अमेरिकेत उसळली आणि बाल्साच्या भरवशावर जी मागणी कधीच पुरवता आली नसती, ती साच्यातल्या फेसाने पुरवली. १९६१ साली क्लार्कने स्वतंत्रपणे ‘क्लार्क फोम’ ही कंपनी काढली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. साच्याची आवश्यकताच काय? मोठा ठोकळा ओतून त्यातून हवा तो आकार कापून का घेऊ नये? याचे कारण या फेसाच्या स्वभावात आहे. साच्याच्या भिंतीला टेकून गोठलेला फेस दाट आणि चिवट असतो, तर मध्यभागाकडे तो अधिकाधिक मऊ होत जातो. म्हणजे गाभ्याची ताकद त्याच्या सालीजवळ असते. घडणाऱ्या कारागिराने रंधा मारून दोन-तीन सेंटिमीटर फेस काढून टाकला, तर हाती उरतो तो नेमका दुबळा भाग. म्हणून ओतलेला कच्चा गाभा, ज्याला त्या धंद्यात ‘ब्लँक’ म्हणतात, तो अंतिम आकाराच्या शक्य तितका जवळ असावा लागतो. साहजिकच प्रत्येक लांबीसाठी आणि प्रत्येक बाकासाठी निराळा साचा लागतो.

साचा करण्याची रीत आपल्याला अगदीच अपरिचित नाही. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात साचा करताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातील अर्धे काम समजेल. आधी मूळ नमुना, म्हणजे पॅटर्न, लाकडाचा किंवा फेसाचा घडवून तो आरशासारखा गुळगुळीत करतात. फळीची कड जिथे सर्वांत रुंद असते तिथे सांध्याची रेषा आखतात. ही रेषा चुकली की एखाद्या ठिकाणी उलटा उतार राहतो आणि गाभा साच्यात अडकून बसतो, मग तो फोडल्यावाचून निघत नाही. त्या रेषेपर्यंत नमुना बैठकीत बसवून त्यावर मेणाचे हात देतात, मग जेलकोट आणि काचतंतूचे थर चढवतात आणि त्यांच्या पाठीशी सळया घातलेले काँक्रीट भरतात. मग सगळे उलटे करून, नमुना न हलवता, दुसरा अर्धा भाग त्याच पद्धतीने ओततात. दोन भाग पुन्हा अचूक एकावर एक बसावेत म्हणून सांध्यात खुंट्या आणि त्यांच्या खोबण्या ठेवतात.

काँक्रीट कशासाठी, हे नीट ऐका. सुमारे पावणेतीन मीटर लांबीच्या गाभ्याचा वरून दिसणारा पृष्ठभाग साधारण १३,००० चौरस सेंटिमीटर भरतो. फुगणाऱ्या फेसाने दर चौरस सेंटिमीटरला केवळ १०० ग्रॅमचा दाब दिला असे धरा. तरी झाकणावर १,३०० किलोचा रेटा येतो. दाब अर्धा किलो झाला तर तोच रेटा साडेसहा टनांवर जातो. घरी प्लायवूडची पेटी करून तिला चार शिकंजे लावणाऱ्याची कल्पना अशी असते, की फेस म्हणजे दाढीच्या साबणासारखी निरुपद्रवी वस्तू. ती पेटी मधोमध फुगते, सांध्यातून फेस बाहेर येतो आणि गाभा पोटाशी जाड आणि टोकांशी अपुरा निघतो. पेटी टिकली आणि शिकंजा निसटला, तर ते याहून वाईट. म्हणून जड, न वाकणारा साचा, लोखंडी चौकट आणि कडेने भरपूर नट-बोल्ट यांना पर्याय नाही. माझ्या मते घरगुती साचा करू पाहणाऱ्याने पहिला आठवडा केवळ या हिशेबासाठी द्यावा.

काँक्रीटचा एक दोषही आहे. ते ओलावा धरते, आणि पाणी तर या रासायनिक क्रियेतला एक घटकच आहे. पॉलिऑल आणि आयसोसायनेट या दोन द्रवांपासून पॉलियुरेथेन बनते. मिश्रणात मोजून घातलेल्या पाण्याची आयसोसायनेटशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, आणि तोच फेस फुगवतो. भिंतीतून न मोजलेले पाणी आत झिरपले, तर तिथे मोठाले बुडबुडे आणि पोकळ्या पडतात. म्हणून आतला पृष्ठभाग पूर्ण बंद केलेला हवा आणि साचा कोरडा आणि कोमट हवा. कोकणातल्या पावसाळ्यात हे काम किती नाजूक होईल, हे मी सांगावयास नको.

ओतण्याची क्रिया पाहावयास गंमतीची, पण करावयास घाईची असते. अशा गाभ्याचे घनफळ सुमारे ९० लिटर आणि फेसाची घनता घनमीटरला ४५ किलोच्या आसपास धरली, तर एकंदर चार किलो द्रव पुरतो. म्हणजे साडेतीन-पावणेचार लिटर द्रवाचे ९० लिटर होतात. वजन तराजूवर करावयाचे, अंदाजाने नव्हे. साचा नुसता भरण्यास लागेल त्याहून थोडा अधिक द्रव घेतात, म्हणजे फेस कोपऱ्याकोपऱ्यात दाबून बसतो. मिश्रण काही सेकंदांत ढवळून साच्याच्या लांबीभर ओतावयाचे, झाकण टाकावयाचे आणि बोल्ट आवळावयाचे. हवा निघून जाण्यासाठी बारीक वाटा ठेवलेल्या असतात. फेसाला पुरेसे बळ येईपर्यंत झाकण उघडावयाचे नाही, कारण अधीर माणसाचा गाभा बाहेर येताच पुन्हा फुगतो. नंतर तो लांबीत मधोमध चिरून, दोन भागांत लाकडाची पातळ पट्टी घालून पुन्हा चिकटवतात. ही पट्टी म्हणजे ‘स्ट्रिंगर’. फळीला हवा तो बाक ती कायम ठेवते.

इथवरचे वर्णन ऐकून कोणाच्याही हाताला खाज सुटावी. म्हणूनच यापुढचे अधिक लक्ष देऊन ऐका. क्लार्कच्या कारखान्यात वापरले जाणारे आयसोसायनेट हे टोल्युइन डायआयसोसायनेट होते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे हजारो माणसांचा बळी घेणारा वायू मिथाइल आयसोसायनेट होता. ही दोन रसायने एक नव्हेत. टोल्युइन डायआयसोसायनेट पुष्कळच कमी उडते. पण कुळ एकच आहे आणि त्याची वाफ फुप्फुसांवर जाते. एकदा शरीराला त्याची संवेदनशीलता जडली, की पुढे त्याच्या अत्यल्प अंशानेही दम्याचा झटका येतो, आणि अशा माणसाला तो व्यवसाय कायमचा सोडावा लागतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत याची कमाल मर्यादा हवेच्या दहा कोटी भागांत दोन भाग एवढीच आहे आणि तज्ज्ञांची शिफारस त्याहूनही कडक आहे. नाकाला वास येतो तो या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेल्यावर. ‘वास आला तर बाहेर जाईन’ असे म्हणणारा आधीच उशीर करून बसलेला असतो. नाकावर बांधलेल्या रुमालाचा इथे काडीचाही उपयोग नाही. आणखी एक, या रसायनाच्या पिंपात पाणी शिरले असल्यास त्याचे झाकण घट्ट लावू नये. आत वायू साठून पिंप फुटते.

५ डिसेंबर २००५ रोजी गॉर्डन क्लार्कने आपला कारखाना एकाएकी बंद केला. त्या वेळी अमेरिकेतील बहुतांश सर्फबोर्डांचे गाभे त्याच्याकडून येत होते. ग्राहकांना धाडलेल्या लांबलचक पत्रात त्याने या विषारी रसायनाचा, पर्यावरण आणि अग्निशमन यंत्रणांशी चाललेल्या झगड्याचा आणि कामगारांच्या दाव्यांच्या भीतीचा उल्लेख केला. त्याने कारखाना कोणाला विकला नाही, साचे मोडून टाकले. फुटक्या काँक्रीटच्या ढिगाऱ्याची छायाचित्रे त्या वेळी प्रसिद्ध झाली. गाभ्यांचे भाव कडाडले आणि कारागिरांनी मिळेल तो माल साठवून ठेवला. रसायन तर बाजारात पूर्वीसारखेच मिळत होते. नाहीसे झाले होते ते अनेक वर्षे घासूनपुसून, दुरुस्त करीत आणलेले आकार. क्लार्कने एकाधिकार मिळवला तो कष्टाने, हे मान्य केले पाहिजे. परंतु एवढा मोठा धंदा एका छपराखालच्या साच्यांवर विसंबून होता, याचा दोष त्याच्या ग्राहकांकडेही जातो. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ ब्रुकव्हेल येथे बॅरी बेनेट कित्येक वर्षे स्वतःचे गाभे ओतीत असल्याने तिथला कारागीर एवढा उघडा पडला नाही. पुढे अमेरिकेतही नवे कारखाने निघाले आणि काहींनी त्याच कुळातले, पण कमी उडणारे दुसरे आयसोसायनेट स्वीकारले.

तेव्हा आपल्यापैकी कोणाला सर्फबोर्ड करावयाचा असेल, तर त्याने काय करावे? एका फळीसाठी साचा करणे म्हणजे एका लाडवासाठी भट्टी बांधणे. कोकण किनाऱ्यावर फायबरग्लासच्या नौका बांधणारे कारागीर आहेत. साच्याची विद्या त्यांच्याकडे जाऊन शिकावी. बंद वायुवीजन व्यवस्था आणि बाहेरून हवा पुरवणारे मुखवटे असलेल्या कारखान्याखेरीज कोठेही आयसोसायनेट ओतू नये. आणि पहिली फळी सरळ थर्मोकोलच्या दाट ठोकळ्यातून, तापलेल्या तारेने कापून काढावी. त्याला साचा लागत नाही. तार चालवताना धूर होतो, म्हणून काम उघड्यावर करावे. सिमन्सच्या काळची अडचण आता उरलेली नाही, कारण इपॉक्सी रेझिन थर्मोकोलला विरघळवत नाही.

हे केवळ माझ्या सांगण्यावरून मानू नका. या टेबलावर थर्मोकोलचे दोन तुकडे ठेवले आहेत. एकावर पॉलिस्टर रेझिनचा चमचा ओततो, दुसऱ्यावर इपॉक्सीचा. पुढच्या बाकांवरील मंडळींनी खिडक्या उघडाव्यात आणि मग दोघा-दोघांनी जवळ येऊन पाहावे. डावीकडच्या तुकड्यात खळगा पडू लागला आहे.